उडघुशीचं चित्र

माझ्या घरमालकीणबाईंइतकं सावकाश बघणारं माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही-आम्ही एखादी वस्तू बघतो म्हणजे तिच्यावरून नजर फिरवतो आणि पुढे जातो. या बाई बघायला बसत. इंडियन स्टोअरमधून भेंडी आणली की त्यातली एक उचलून खिडकीपाशी नेत, तिच्या कडा बोटाने चाचपत, देठाजवळची लव कुठे संपते ते चष्मा कपाळावर चढवून पाहत. इकडे कढईतली फोडणी जळून छतावरचा अलार्म किंचाळायला लागला तरी त्यांना त्याचं काही नसे. मी स्टुलावर चढून अलार्मपुढे टॉवेल हलवत राहायची आणि त्या खालून म्हणायच्या, "अगं, हिची एक कड मध्येच वळलीय. बघितलंस?" अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधल्या माझ्या पीएचडीच्या सगळ्या वर्षांत न करपलेली भेंडी मी फार थोड्या वेळा खाल्ली.

त्यांच्या घरात मला खोली मिळाली तीही या बघण्यातूनच. मी नाशिकहून संख्याशास्त्र शिकायला आलेली, बाहेर बर्फ, हातात दोन बॅगा. त्यांनी दार उघडलं, मला दिव्याखालच्या खुर्चीत बसवलं आणि समोर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. चहा नाही, नाव-गाव नाही. मला वाटलं, बाईंना ऐकू येत नसावं. मी मोठ्याने माझं नाव सांगितलं. त्यांनी हातानेच थांब म्हटलं आणि बऱ्याच वेळाने निकाल दिला, "तुझा डावा कान उजव्यापेक्षा खाली आहे. म्हणून चष्मा घसरतो. काडी थोडी वाकवून घे." आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. मला जन्म देणाऱ्या आईला आणि चार चष्मेवाल्यांना जे दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं होतं. मी काडी वाकवून घेतली आणि चष्मा घसरायचा थांबला.

गावातली मराठी मंडळी त्यांना काकू म्हणत. मीही पहिल्या दिवशी म्हटलं, तर म्हणाल्या, "तुझ्या काकांशी माझी ओळख नाही." मग मावशी चालेल का, असं विचारलं. त्यांनी विचार केला. "तुझ्या आईशी फोनवर बोललेय मी. मावशी चालेल."

मावशी मूळच्या कोल्हापूरच्या. चित्रकला शिकलेल्या. लग्न होऊन नवऱ्याबरोबर इथे आल्या, तेव्हा इंग्रजी बेताचं आणि गाडी चालवता येत नाही, म्हणून दिवसभर घरात बसून खिडकीतल्या खारींची चित्रं काढत. ती चित्रं कोणा शेजारणीने पाहिली आणि त्यांना विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहात नेलं. तिथे लाकडी कपाटांतून, उथळ खणांतून जगभरचे मेलेले प्राणी ठेवलेले असतात: कातडी, कवट्या, पायांची हाडं. शास्त्रज्ञांच्या लेखांत आणि पुस्तकांत त्यांची चित्रं लागतात. फोटोत सावली पडते, केसाआड हाड लपतं. चित्रकार मात्र हवं ते स्पष्ट दाखवू शकतो. मावशींनी पहिल्या दिवशी एका उंदराची कवटी काढली आणि पुढे तेच त्यांचं आयुष्य झालं. त्यांची पद्धत जुनी. आधी पेन्सिलीने रेष, मग टाकाने शाई, आणि गोलाई, अंधार, केस हे सगळं फक्त ठिपक्यांनी. एका बोटभर कवटीला महिना लागे. नवरा गेला, मुलगी शिकून वॉशिंग्टन राज्यात बॉथेलला स्थायिक झाली, नोकरीतून निवृत्त होऊन झालं, तरी मावशी रोज सकाळी बसने संग्रहात जात. वाटेत एखाद्या मेपलच्या सालीकडे बघता बघता बस चुकली, तर ड्रायव्हरच खिडकीतून हाक मारी. त्याच्या अंगठ्याचं नख जन्मतः दुभंगलेलं आहे हे सबंध गावात फक्त मावशींना माहीत होतं.

त्यांच्या हातचा तांबडा रस्सा आमच्या विद्यार्थ्यांमध्ये प्रसिद्ध होता, पण तो खायला यायचं तर एक अट असे: हाडं चावायची नाहीत. जेवण झालं की मावशी सगळ्यांच्या ताटांतली हाडं गोळा करून धूत, पुन्हा उकळत, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर कोंबडीचा अख्खा पाय सांध्यासांध्याने जुळवून उभा असे. नागपूरच्या एका मुलाने एकदा सवयीने नळी फोडली.  दुसऱ्या दिवशी तो पाय टेबलावर लंगडाच उभा राहिला, आणि त्या मुलाला पुढचे कित्येक महिने रश्श्याचं आमंत्रण नव्हतं.

आणि घरात 'क्यूट' हा शब्द बंद होता. कोणी मांजरीच्या पिल्लाला, बाळाला, कशालाही क्यूट म्हटलं की त्या मान हलवत. "क्यूट म्हणजे न बघता बोलणं," त्या म्हणत.

हा शब्द सगळ्यात जास्त वेळा ज्या प्राण्यासाठी निघे, तोच मावशींच्या जिवाचा होता. इंग्रजीत त्याला स्प्रिंगहेअर म्हणतात. दक्षिण आफ्रिकेकडच्या वाळूत बिळं करून राहतो, दिवसा झोपतो आणि रात्री बाहेर पडतो. मावशींना ते नाव अजिबात मान्य नव्हतं. "हेअर म्हणजे ससा. हा ससा नाही. उड्या मारतो म्हणून लोक कांगारू म्हणतात, तोही नाही. कुरतडणाऱ्यांच्या कुळातला आहे, उंदीर-घुशींच्या." म्हणून त्यांनी त्याला स्वतःच मराठी नाव दिलं: उडघूस. आणि घूस स्त्रीलिंगी, म्हणून तो प्राणी आमच्या घरात कायमचा 'ती' झाला. संग्रहातल्या एका खणात या उडघुशीची चार-पाच कातडी होती आणि मावशींची तिच्या एकेका अवयवाची चित्रं काढून झाली होती. मागचा लांबलचक पाय. त्याला चार बोटं आणि बोटांना खुरासारखी जाड, रुंद नखं. पुढचे हात इवलेसे. त्यांना पाच बोटं आणि माती उकरायच्या लांब वाकड्या नख्या. कवटी, पटाशीचे दात, अंगाएवढीच लांब शेपूट आणि तिचा शेवटचा काळा झुबका. "एकाच जनावराला दोन माणसांचे अवयव मिळालेत," त्या म्हणत. "पुढून गवंडी, मागून धावपटू."

या उडघुशीने मावशींना एकदा मोठा धक्का दिला होता. अतिनील दिव्याखाली, म्हणजे नोटा तपासतात तसल्या जांभळ्या उजेडात, या प्राण्याची लव ठिकठिकाणी गुलाबी-नारिंगी चमकते असं शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं. संग्रहातल्या लोकांनी खण उघडला, दिवा धरला आणि मावशींना बोलावलं. मातकट तपकिरी कातड्यावर निखाऱ्यासारखे पट्टे पेटले होते. मावशी घरी आल्या त्या कोट न काढताच बसल्या. जेवल्या नाहीत. मी खूप विचारल्यावर म्हणाल्या, "इतकी वर्षं मी हिला मातीच्या रंगाची समजून बसले, आणि ही बया गुलाबी!"

"मावशी, तो रंग आपल्या डोळ्यांना दिसतच नाही. तुमची काय चूक?"

"चूक नाही गं. पण मला वाटलं होतं, हिचं सगळं बघून झालंय."

त्या दिवसानंतर त्यांनी उडघूस पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतली.

याच सुमाराला मावशींनी कपबशी वापरणं बंद केलं. चहा त्या स्टीलच्या फुलपात्रातून घ्यायला लागल्या. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "फुलपात्राला बशी नसते." मला ते त्यांच्या इतर विक्षिप्तपणांपैकीच एक वाटलं. मग कधीतरी त्या उजवा हात मांडीखाली दाबून बसायला लागल्या. बसमधून उतरताना त्यांना वेळ लागायला लागला. शेवटी एका दुपारी डॉक्टरांकडून आल्या, कोट काढला, आणि कोट खुंटीला अडकवता अडकवताच म्हणाल्या, "पार्किन्सन्स आहे. हाताला आता स्वतःचं मत फुटलंय."

मी काहीतरी बोलायला गेले. त्यांनी पहिल्या दिवशीसारखंच हाताने थांब म्हटलं. पण हात थांबला नाही, हवेत थरथरत राहिला. आम्ही दोघी त्या हाताकडे बघत उभ्या होतो.

बॉथेलहून मुलीचा रोज फोन यायला लागला. ती तिथल्या एका औषधाच्या कंपनीत होती, आणि आईवरचा तिचा जीव नेहमी ऑर्डर दिल्यासारखा बाहेर पडे. स्पीकरवर तिचा आवाज घरभर घुमे. "आई, इनफ. तू इकडे मूव्ह हो. मी डाउनस्टेअर्सची रूम रेडी केलीये. तिथे विंटरमध्ये पडलीस तर हू विल पिक यू अप?"

"इथली पोरगी आहे ना."

"शी हॅज अ थीसिस, आई!"

"माझंही एक काम राहिलंय. ते झालं की येते."

राहिलेलं काम उडघुशीचंच होतं. संग्रहातले एक वयस्क प्राध्यापक उड्या मारणाऱ्या प्राण्यांवर पुस्तक लिहीत होते. त्यांनी मावशींकडे पूर्णपानभर चित्र मागितलं होतं: अख्खी उडघूस, जिवंत असल्यासारखी, उडीत. मावशींनी तोवर अनेकदा नकार दिला होता. खणातली कातडी कापूस भरून सरळ ताणलेली, हात-पाय चिकटवलेले, शेपटीत तार. "ही झोपलेली नाही, उभी नाही, नुसती ठेवलेली आहे," त्या म्हणत. "ठेवलेल्या माणसावरून त्याची चाल सांगता येते का?" पण आजाराचं निदान झालं त्याच आठवड्यात त्यांनी प्राध्यापकांना होकार कळवला आणि मला म्हणाल्या, "जिवंत उडघूस कुठे असते ते शोध. तू गाडी चालव."

माझं लायसन्स नवं होतं. शेजारच्या राज्यातल्या एका प्राणिसंग्रहालयात, निशाचर प्राण्यांच्या अंधाऱ्या दालनात, एक उडघूस असल्याचं कळलं. ऑक्टोबरातल्या एका सकाळी आम्ही निघालो. मावशींनी डब्यात दशम्या आणि चटणी घेतली होती, बसायला घडीचं स्टूल घेतलं होतं. हायवेवर मी ट्रकना घाबरून अगदी कडेने जात होते आणि मागचे लोक हॉर्न मारत होते. मावशी शांतपणे बाहेर बघत होत्या. "बरं चाललंय," त्या म्हणाल्या. "या वेगाने निदान दिसतं तरी."

दालनात मंद लाल उजेड होता. काचेपलीकडे वाळू, एक ओंडका, आणि कोपऱ्यात तपकिरी लोकरीचा गुंडा. उडघूस झोपली होती. बसल्या बसल्याच झोपली होती. डोकं वाकवून मागच्या पायांच्या मधे घातलेलं आणि शेपूट स्वतःभोवती पुढून गुंडाळून घेतलेली. मावशींनी स्टूल उघडलं, कागद मांडीवर घेतला आणि बघायला सुरुवात केली. शाळेतली मुलं येऊन काचेला नाक लावत आणि वैतागून पुढे जात. एक मुलगी तिच्या बाईंना म्हणाली, "इट्स नॉट डूइंग एनिथिंग."

"शी इज डूइंग स्लीपिंग," मावशींनी गंभीरपणे सांगितलं. "व्हेरी नाइसली."

दशम्या खाऊन झाल्या. दुपार कलली. माझे पाय भरून आले. मी दोनदा बाहेर जाऊन कॉफी पिऊन आले. मावशी हलल्या नाहीत. शेवटी प्राण्यांची देखभाल करणारी एक उंच बाई आली, तिने मावशींना सकाळपासून तिथेच पाहिलं होतं. "तुम्ही हिच्यासाठीच आलात?" तिने विचारलं. मावशी हो म्हणाल्या. "आय ड्रॉ हर बोन्स. मेनी इयर्स. नेव्हर मेट."

ती बाई हसली नाही. "अर्ध्या तासात तिला खायला देते. थांबा," ती म्हणाली आणि मागच्या दाराने आत गेली.

गाजराचे आणि रताळ्याचे तुकडे वाळूवर पडले. गुंड्यातून आधी दोन लांब कान वर आले. मग शेपूट उलगडली, मग डोकं, आणि डोळे. एवढ्या लहान तोंडाला एवढे मोठे, काळेभोर, ओले डोळे असतील असं त्या खणातल्या कापूस भरलेल्या कातड्यांवरून मला कधीच वाटलं नसतं. ती मागच्या पायांवर उभी राहिली. पुढचे हात छातीशी धरलेले, भांडी घासून झाल्यावर ओले हात धरतात तसे. मिशा थरथरत होत्या. मग ती खाली वाकली, चारी पाय टेकले आणि हळूहळू, सशासारखी सरकत गाजरापाशी गेली.

"चालते!" मावशी कुजबुजल्या. "अगं, चारी पायांवर चालते. घाई नसली की चालते."

खाऊन झाल्यावर तिने वाळू उकरायला घेतली. नख्यांनी वाळू मागे उडत होती आणि कानाच्या बुडाशी असलेला बारीकसा पडदा कानाच्या भोकावर मिटला होता, वाळू आत जाऊ नये म्हणून. तो पडदा मावशींनी कातड्यावर शंभरदा काढला असेल. मिटताना त्यांनी तो पहिल्यांदाच पाहिला. त्यांनी माझं मनगट धरलं. आणि तेवढ्यात पलीकडे कुठेतरी मुलांनी आरडाओरडा केला, उडघूस दचकली, आणि उडाली. एका झेपेत ओंडका मागे पडला. दुसऱ्या झेपेत भिंत आली, ती हवेतच वळली. मागचे दोन्ही पाय एकदम सरळ झाले, एकदम दुमडले. शेपूट मागे ओढली जात नव्हती, वर उचललेली होती, कमानदार, आणि तिचा काळा झुबका प्रत्येक झेपेला हवेत वर-खाली होत होता.

मावशींची पेन्सिल कागदावर टेकलेली होती. कागदावर नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा उमटत होत्या. त्यांनी एकदा खाली पाहिलं, आणि कागद बाजूला ठेवून दिला.

"तू पण बघ," त्या म्हणाल्या. "सगळं बघ. माझे दोन डोळे पुरणार नाहीत."

आम्ही दोघींनी पाहिलं. दालन बंद व्हायची वेळ होईपर्यंत पाहिलं. परतीच्या वाटेवर मावशी डोळे मिटून, एकेक अवयव आठवून बोलत होत्या आणि मी मधूनच, "नाही मावशी, तेव्हा कान मागे होते," असं म्हणत होते. मी म्हटलेलं त्या मानत होत्या. मला पीएचडीच्या परीक्षेतसुद्धा इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नाही.

पुढचे काही आठवडे त्यांनी हाताच्या सोयीने काढले. सकाळची गोळी घेतल्यावर काही वेळाने हात निवांत होई आणि तासाभराने पुन्हा हट्टाला पेटे. तेवढ्या तासात मावशी पेन्सिलीने एखादी रेष काढत, कधी नुसतीच खोडत. मी पेन्सिलींना टोकं करून ठेवायची आणि विद्यापीठात जायची. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत उडघूस कागदावर उभी राहिली, नव्हे, उडाली. पण पेन्सिलीचं चित्र पुस्तकात चालत नव्हतं. त्याला शाईचे हजारो ठिपके हवे होते, आणि ठिपका म्हणजे एका क्षणाचा निश्चल हात. मावशींनी एका सकाळी टाक उचलला. पहिल्या ठिपक्याला शेपूट फुटली. दुसरा स्वल्पविराम झाला. त्यांनी तो कागद फाडला नाही, पालथा घालून ठेवला. प्राध्यापकांनी फोनवर अगदी मऊपणे सुचवलं की उरलेलं काम कॉम्प्युटरवर करून घेता येईल. मावशींनी "थँक यू" म्हणून फोन ठेवून दिला.

यातून वाट निघाली ती गावातल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात. तो कार्यक्रम हॉल मिळेल तेव्हा होत असल्यामुळे दिवाळी उलटून गेल्यावर डिसेंबरात होता. मी मावशींना ओढूनच नेलं होतं. फराळाच्या रांगेत आमच्यापुढे गावातल्या एका डॉक्टर दांपत्याची मुलगी होती, तिशीची, इथेच जन्मलेली. आईवडील तिच्याबद्दल विचारलं की "ती आर्ट फील्डमध्ये आहे," असं म्हणून विषय बदलत. तिने चकलीसाठी हात पुढे केला, बाही वर सरकली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत गोंदलेलं एक घुबड दिसलं. सबंध घुबड ठिपक्यांचं होतं.

मावशींनी तो हात धरला आणि बघायला सुरुवात केली. रांग थांबली. मुलीची आई लालबुंद झाली. "काकू, ते तिचं उगाच आपलं…"

"कुणी काढलं?" मावशींनी विचारलं.

"आय डिड," मुलगी म्हणाली. "आय मीन, हे मीच केलं. आय हॅव अ टॅटू शॉप."

"स्वतःच्या हातावर? डाव्या हातावर, उजव्याने?"

"या."

"पंखाखालचा अंधार बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी कुणाची एवढी स्तुती केलेली मी ऐकली नव्हती. "घरी ये. काम आहे."

ती आली. दर सोमवारी तिचं दुकान बंद असे, तेव्हा येई. तिचं मराठी आईवडिलांशी भांडण्यापुरतंच होतं आणि मावशींचं इंग्रजी हाडांपुरतं. पण त्या दोघींचं जमलं. मावशी तिच्या खांद्यामागे बसून सांगत, "इथे नको. इथे अंधार नाही, इथे केस आहेत. केसाच्या दिशेने जा." ती मान न वळवता म्हणे, "ओके, ओके, केसांच्या डिरेक्शनमध्ये." तिला मीच उडघुशीच्या उड्यांबद्दल सांगितलं, शेपटीचा झुबका कसा हलत होता ते हाताने करून दाखवलं.

एकदा काम अगदी डोळ्यापाशी आलं होतं. मावशी कडेला रेलून बघत होत्या. मुलीने टाक उचलून धरला आणि तशीच थांबली. थोड्या वेळाने हळूच म्हणाली, "मावशी… टेबल हलतंय."

मावशींनी आपल्या हाताकडे पाहिलं. तो टेबलाच्या काठावर होता.  मला वाटलं, आता संपलं. आता या उठून जातील आणि हे चित्र कधीच पुरं होणार नाही. मावशी उठल्याच. त्यांनी आपली खुर्ची ओढत ओढत पार खिडकीपाशी नेली, तिथे बसल्या, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "इथून मला कागद दिसत नाही. तू काय करतेस ते सांगत जा."

आणि त्या मुलीने सांगितलं. प्रत्येक ठिपका नव्हे, पण जवळजवळ तसंच. "आता पापणीच्या खाली. आता थोडं डार्क. आता व्हाइट सोडते, कारण शाइन आहे." मावशी डोळे मिटून मान हलवत होत्या. डोळा पुरा झाला तेव्हा बाहेर बर्फ पडायला लागलं होतं. मुलीने कागद उचलून खिडकीपाशी नेला. मावशींनी तो नेहमीसारखा खूप वेळ पाहिला.

"सही कर," त्या म्हणाल्या.

"नो, मावशी. इट्स युअर ड्रॉइंग."

"रेष माझी आहे. ठिपके तुझे आहेत. ही इतकी वर्षं खणात पडून राहिली, हिला एकीने उठवता आलं नसतं. सही कर."

पुढे पुस्तक निघालं तेव्हा त्या चित्राखाली दोन्ही नावं आली. मुलीच्या आईवडिलांनी त्या पुस्तकाच्या बऱ्याच प्रती घेतल्या आणि आल्यागेल्याला ते पान उघडून दाखवायला लागले. चित्र हातात पडलं तेव्हाच प्राध्यापकांनी मावशींना पुष्पगुच्छ पाठवला होता. त्यातलं एक फूल आठवडाभर त्यांच्या टेबलावर बघण्यासाठी होतं. त्याच वसंतात मावशींची मुलगी बॉथेलहून आली. तिने येताना भरपूर खोकी आणली होती आणि आईशी वाद घालायची तयारीही. वाद झालाच नाही. मावशींनी स्वतःच टाक, शाया, भिंगं एका पेटीत भरून त्या टॅटूवाल्या मुलीला दिली आणि म्हणाल्या, "चला."

माझं शिक्षण संपलं आणि मी शिकागोजवळच्या शॉमबर्गला नोकरीला लागले. आमचा आठवड्याला फोन असे. हळूहळू मावशींचा आवाज बारीक होत गेला, शब्दांमधली अंतरं वाढली. त्या गप्प झाल्या तरी फोन चालू असे. मला त्याची सवय होती. परवाच्या उन्हाळ्यात मी ऑफिसच्या कामासाठी सिएटलला गेले, तेव्हा एक दिवस काढून जवळच्या बॉथेलला जाऊन आले. मुलीने दार उघडलं. ती आता ऑर्डर दिल्यासारखं बोलत नव्हती. "शीज बीन वेटिंग फॉर यू सिन्स मॉर्निंग," ती हळू आवाजात म्हणाली. "शूज घालून बसलीये."

आम्ही दोघी नदीकाठच्या रस्त्याने फिरायला निघालो. मावशी खूप वाळल्या होत्या. माझ्या कोपराला धरून, छोटी छोटी पावलं टाकत चालत होत्या. ऊन चांगलं होतं. पाण्यावर बदकं होती, सायकलवाले जात-येत होते. नदीवरच्या लाकडी पुलापाशी आलो. जिथे डांबराचा रस्ता संपून फळ्या सुरू होतात तिथे मावशी थांबल्या. मला वाटलं, काही बघतायत. मी त्यांच्या नजरेच्या दिशेने पाहिलं. तिथे काही नव्हतं.

"पाय येत नाही," त्या म्हणाल्या. घाबरून नव्हे, बातमी द्यावी तसं. "या आजारात होतं असं. मध्येच रुततो. जमिनीला चिकटतो."

"बसूया का? उचलू का तुम्हाला?"

"नको. ओढू नकोस. येईल."

मागून एक सायकलवाला आला. त्याला पुलावर जायचं होतं आणि आम्ही बरोबर तोंडाशी उभ्या होतो. मी "सॉरी" म्हटलं. तो एक पाय टेकून उभा राहिला, "टेक युअर टाइम," म्हणाला. आम्ही तिघं तिथे उभे होतो. फळ्यांखालून पाणी जात होतं. मावशींचा हात माझ्या हातात कापत होता. बाकी सगळं शरीर अगदी स्तब्ध होतं. त्या खाली बघत नव्हत्या, पुलाच्या पलीकडच्या टोकाकडे बघत होत्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांचं उजवं पाऊल जरा उचललं गेलं, हवेत राहिलं, आणि पहिल्या फळीवर टेकलं.

"आला," मावशी म्हणाल्या. "चल."